धान्याच्या कोठीला हवेचा पंखा: मुंबईतल्या गिरणीवाल्यांकडून आणि गोदामवाल्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुर्ल्याच्या एका गाळ्यातून आम्ही बरीच वर्षं पिठाच्या गिरण्या, मसालेवाले आणि पशुखाद्याचे छोटे कारखाने यांच्या कोठ्यांना ब्लोअर, म्हणजे दाबाने हवा ढकलणारे पंखे, बसवत आलो आहोत. पंखा विकणं सोपं असतं. बसवल्यानंतर जे फोन येतात, त्यांची उत्तरं देण्यात खरा दिवस जातो. ते प्रश्न वर्षानुवर्षं तेच आहेत, म्हणून एकदा सगळे लिहून काढले. इथे कोठी म्हणजे ५ ते ५० टनांची पत्र्याची उभी टाकी धरली आहे. तिच्या तळाला भोकांचा पत्रा, त्याखाली हवेची पोकळी, वर उतरतं छप्पर आणि बाजूला पंखा.

पंखा लावला की धान्य वाळेल ना?

नाही. सगळ्यात आधी हेच डोक्यातून काढायला लागतं. कोठीचा पंखा धान्य थंड ठेवतो आणि सगळीकडचं तापमान एकसारखं करतो. धान्य वाळवायला साधारण सात-आठपट हवा लागते आणि ती हवा कोरडी असावी लागते. मुंबईत पहिली गोष्ट पैसे टाकून मिळते. दुसरी वर्षातले काही महिनेच मिळते, तीही दिवसातले काही तासच.

म्हणून धान्य कोठीत जातानाच कोरडं असलं पाहिजे. गहू १२ टक्क्यांच्या आत हवा. ट्रक आला की मॉइश्चर मीटर लावा, आणि तो फक्त वरच्या पोत्याला लावू नका. व्यापारी सांगतो ते आकडे वरच्याच पोत्याचे असतात.

मग थंड करून फायदा काय?

सोंडकिडे आणि भुंगे २५ ते ३५ अंशांत झपाट्याने वाढतात. तापमान १८-२० अंशांखाली उतरलं की त्यांची वाढ मंदावते. मुंबईच्या हवेत इतकं थंड करणं डिसेंबर-जानेवारीच्या काही रात्री सोडल्या तर जमत नाही. पण दुसरा फायदा मोठा आहे. पत्र्याजवळचं धान्य उन्हाने तापतं, मधलं वेगळ्याच तापमानाला असतं. या फरकामुळे ओलावा हळूहळू एका जागी गोळा होतो, बहुतेक वेळा वरच्या थरात. कुबट वास आणि हिरवट गोळे तिथूनच सुरू होतात. पंखा हा फरक मोडतो.

पावसाळ्यात पंखा चालू ठेवायचा की बंद?

बंद. आणि नुसता बंद नाही, तोंडाला झाकण लावून बंद.

हे मी पैसे मोजून शिकलो आहे. धंद्याच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षी भांडुपच्या एका गिरणीवाल्याने जुलैत फोन केला, ‘शेठ, दमट वाटतंय, काय करू?’ मी बेधडक सांगितलं, चालू ठेवा, हवा खेळती राहील. त्याने इमानदारीत तीन आठवडे रात्रंदिवस चालवला. ऑगस्टमध्ये तळाची झडप उघडली तर गहू खालीच येईना. भोकांच्या पत्र्यावरचा दीड-दोन फूट थर फुगून एकमेकांना चिकटला होता आणि त्याला मोड आले होते. बाहेरचा पाऊस मी पाइपाने आत नेऊन दिला होता.

यामागचं कारण समजून घ्या, म्हणजे माझ्यावर विश्वास ठेवायची गरज राहणार नाही. धान्य हवेशी ओलाव्याची देवाणघेवाण करत असतं. मुंबईच्या तापमानाला हवेची आर्द्रता ६० टक्के असेल तर गहू १२ टक्क्यांच्या आसपास स्थिरावतो. ७० टक्के असेल तर साडेतेरा-चौदा, ८० टक्के असेल तर १५-१६. मुंबईत पावसाळा सर्वसाधारणपणे ११ जूनच्या सुमाराला येतो आणि ८ ऑक्टोबरच्या सुमाराला जातो. या चार महिन्यांत आर्द्रता ८० च्या वरच जास्त असते. १२ टक्क्यांच्या गव्हात अशी हवा ढकलली की तळाचा थर आधी ओला होतो.

एक अपवाद आहे. धान्य आतून स्वतःहून तापू लागलं असेल तर बाहेर पाऊस असला तरी पंखा लावा. गरम धान्यातून जाताना हवा तापते, तापली की तिची आर्द्रता घसरते, आणि ती उष्णता घेऊन बाहेर पडते. पण हा इलाज दोन-चार दिवसांचा. तेवढ्यात माल काढून दळायला किंवा विकायला घ्या. तापलेला माल पंख्याच्या भरवशावर दिवाळीपर्यंत ठेवता येत नाही.

धान्य तापलंय हे कळणार कसं? आमच्याकडे सेन्सर नाही.

लोखंडी सळई घ्या. वरच्या झाकणातून, बाहेर उभं राहून, धान्यात खोल खुपसा आणि वीस मिनिटं राहू द्या. ओढून हाताने तपासा. जिथे चटका जाणवेल तिथे गडबड आहे. आमच्या आजोबांच्या पिढीतले दाणाबंदरचे दिवाणजी हेच करायचे आणि त्यांचं फारसं चुकायचं नाही. नंतर तारेवरचे तापमापक बसवून घ्या, पण तोवर सळई पुरते.

मग चालवायचा नेमका केव्हा?

दोन अटी. बाहेरची हवा धान्यापेक्षा निदान पाच अंश थंड हवी आणि आर्द्रता ७० टक्क्यांच्या आत हवी. शंभर-दोनशे रुपयांचे घड्याळवजा आर्द्रतामापक नुसता अंदाज देतात. जरा बरा घ्या आणि पंख्याच्या तोंडाजवळ सावलीत लावा, ऑफिसमध्ये एसीखाली नको.

मुंबईत या दोन अटींचं एकमेकांशी जमत नाही, हीच अडचण आहे. दुपारी हवा कोरडी असते पण गरम. रात्री थंड असते पण दमट. नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी या काळात उत्तरेचं वारं सुटलं की रात्री उशिरा आणि पहाटे दोन्ही अटी बऱ्यापैकी जुळतात. त्यात ब्लोअरमधून जाताना हवा एखादा अंश तापते, त्यामुळे तिची आर्द्रता थोडी कमी होते. तो फायदा फुकटचा. शिवाय गारवा धान्यातून जितक्या वेगाने सरकतो त्याच्या मानाने ओलावा फार हळू सरकतो. म्हणून थंडीतल्या रात्री आर्द्रता चुकून ७२ झाली तरी घाबरू नका. तेच जुलैत ९० ला तीन आठवडे चालवणं वेगळं.

मार्च-एप्रिलमध्ये दुपारनंतर समुद्राचं वारं सुरू होतं. कुलाबा-शिवडीकडे ते लवकर जाणवतं, मुलुंड-भांडुपकडे जरा उशिरा. त्या वेळी बंद.

किती मोठा पंखा घ्यावा?

वाटतो त्यापेक्षा लहान. कोरडं धान्य थंड ठेवायला टनाला तासाला ७ ते १४ घनमीटर हवा पुरते. म्हणजे १० टनांच्या गव्हाच्या कोठीला तासाला ७० ते १४० घनमीटर. त्याला पाव अश्वशक्तीचा ब्लोअरही बास होतो. लोक दोन अश्वशक्तीचा मागतात कारण शेजारच्या गिरणीत दोनचा आहे. वाळवायचंच असेल तर टनाला ५५ ते ९० घनमीटर लागतात. तिथे मोठा पंखा, जाडा पाइप, सगळंच बदलतं.

पण नुसत्या हवेच्या आकड्यावर पंखा घेऊ नका. धान्याच्या ढिगातून हवा ढकलायला दाब लागतो. दाणा जितका बारीक आणि ढीग जितका उंच, तितका दाब जास्त. मक्यातून हवा सहज जाते, बाजरीतून आणि मोहरीतून नाही. विक्रेत्याला विचारा, ‘इतक्या मिलिमीटर पाण्याच्या दाबाला हा किती हवा देतो?’ त्याने आलेख दाखवला तर बसा. नुसतं ‘फुल हवा आहे साहेब’ म्हणाला तर उठा.

लहान पंख्याने थंड करायला वेळ लागतो, हेही लक्षात ठेवा. टनाला तासाला ६-७ घनमीटर हवा असेल तर गारवा तळापासून वरपर्यंत पोचायला साधारण १५० तास. रोज सहा तास चालवलात तर २५ दिवस. मध्येच सोडून दिलं की गार-गरम थरांची सीमा ढिगाच्या पोटात अडकून राहते, आणि ओलावा नेमका तिथेच जमतो.

जुना एक्झॉस्ट फॅन पडून आहे, तोच लावू का?

नको. भिंतीतला एक्झॉस्ट फॅन मोकळी हवा ढकलतो, धान्यासमोर त्याचं काही चालत नाही. मोटर गरम होईल, पाती फिरताना दिसतील आणि कोठीत काहीच जाणार नाही.

हवा खालून वर ढकलायची की वरून खाली ओढायची?

दोन्ही पद्धती चालतात. आम्ही मुंबईत बहुतेक ठिकाणी खालून ढकलतो. कारण छपराचा पत्रा एप्रिल-मेमध्ये भाजतो, आणि खाली ओढणारा पंखा ती सगळी उष्णता धान्यातून नेतो. शिवाय ढकलताना सगळ्यात शेवटी गार होणारा भाग वर असतो. तिथे झाकण उघडून सळईने तपासता येतं. ओढणाऱ्या पद्धतीत तोच भाग तळाशी राहतो आणि तिथे आपला हात पोचत नाही.

छपराला भोकं पाडायची? पावसाचं पाणी येणार नाही का?

हवा आत गेली तर बाहेर जायला वाट हवीच. तासाला ९०० घनमीटर हवेला एक वीत लांब, एक वीत रुंद एवढं मोकळं तोंड लागतं. त्यावर जाळी बसवली की तिच्या तारांनी काही जागा खाल्ली, तेवढं तोंड वाढवा. वर टोपी बसवली की पाणी येत नाही. ओढणारा पंखा असेल आणि वरची जाळी धुळीने किंवा कबुतरांच्या घरट्याने बंद झाली असेल तर छप्पर आत खचू शकतं. मुंबईत कबुतरांवर नजर ठेवणं हेही पंख्याच्याच कामात मोडतं.

पंखा जमिनीलगत बसवला तर चालेल?

आपल्या शहरात हा प्रश्न २६ जुलै २००५ आठवून सोडवायचा. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तेवढं रोज होत नाही, पण कुर्ला, सायन, परळ, मिलन सबवेच्या आसपास गुडघाभर पाणी दर एक-दोन वर्षांनी येतंच. आजूबाजूच्या जुन्या माणसांना विचारा की पाणी कुठवर आलं होतं. भिंतीवर खूण असते. त्याच्या वर सिमेंटचा ओटा बांधा आणि त्यावर मोटर, स्टार्टर, वायरचे जोड सगळं घ्या.

मोटर वाचली तरी पाइपातून पुराचं पाणी थेट तळाच्या पोकळीत शिरतं. भिजलेला गहू फुगतो आणि पत्र्याच्या शिवणींना रेटतो. म्हणून पाइप आधी वर उचलून मग कोठीत उतरवा. पंख्याखाली कंपनाचे रबर द्या, आणि पंखा व पाइप यांच्यात कापडी जोड ठेवा, नाहीतर पत्रा रात्रभर गुणगुणतो. समुद्राजवळ साधे नट-बोल्ट दोन पावसाळ्यांत गंजतात. स्टेनलेसचे घ्या, दहा वर्षं विसरून जा.

मोटर पाण्यात बुडाली होती, आता वरून कोरडी दिसते. चालू करू?

हात लावू नका. आधी मेन बंद. मोटर सोडून रिवाइंडिंगवाल्याकडे न्या, तो भट्टीत वाळवेल आणि मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावेल. वाइंडिंग ते बॉडी निदान एक मेगओहम दाखवल्याशिवाय वीज जोडायची नाही.

विजेचं काम आमचा नेहमीचा वायरमन करेल. चालेल ना?

त्याच्याकडे परवाना असेल तर चालेल. घरातले बोर्ड लावणं आणि धूळ, ओल, पत्रा यांच्यामध्ये तीन फेजची मोटर जोडणं यांत फरक आहे. शहरात बेस्ट, उपनगरांत अदानी किंवा टाटा, मुलुंड-भांडुपला महावितरण. वीज कोणाचीही असो, लोड वाढवायचा तर अर्ज परवानाधारक ठेकेदाराच्या सहीनेच करा.

त्याच्या कामात तुम्ही स्वतः चार गोष्टी बघा. पहिली, तीन फेजच्या मोटरच्या बॉडीला दोन वेगवेगळ्या अर्थिंगच्या तारा आहेत का. एक नाही, दोन. जुन्या गाळ्यांत अर्थिंग नळाच्या पाइपला बांधलेलं असायचं. पुढे कोणीतरी तो पाइप प्लास्टिकचा केला आणि अर्थिंग गेलं, हे कोणाच्याही लक्षात आलं नाही. आम्ही हे इतक्या वेळा पाहिलं आहे की आता पहिला हात तिथेच जातो. दुसरी, ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज कुठे गळू लागली की लगेच तोडणारा स्विच. ती माणसाला वाचवते, एमसीबी वायरला वाचवते, दोघांचं काम वेगळं. तिसरी, स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले (भार जास्त झाला की मोटर बंद करणारा) मोटरच्या पाटीवर लिहिलेल्या अँपिअरला लावलाय का. ‘ट्रिप होतंय म्हणून वाढवून ठेवलं’ हे वाक्य ऐकलं की समजा, मोटर जळणार. एक फेज गेली की मोटर बंद करणारा प्रिव्हेंटरही घ्या. चौथी, मोटर पूर्ण बंदिस्त आहे का, धूळ आणि पाण्याचे शिंतोडे आत न जाणारी, आणि स्टार्टरची पेटी धुळीच्या खोलीबाहेर आहे का.

हवा येतेय, पण कमी वाटते. काय असेल?

आधी फिरण्याची दिशा बघा. गोगलगाईच्या आकाराचा ब्लोअर उलटा फिरला तरी हवा त्याच तोंडातून देतो, फक्त बरीच कमी देतो. म्हणून हे महिनोन्महिने कळत नाही. वीज कंपनीच्या माणसाने केबल बदलताना दोन फेज अदलाबदल केल्या की एवढं होतं. हाउसिंगवर बाण असतो. पंखा थांबत आला की पाती कुठल्या बाजूला फिरतात ते जाळीतूनच बघा. बाणाच्या उलटी फिरत असतील तर वायरमनकडून कोणत्याही दोन फेज बदलून घ्या.

दिशा बरोबर असेल तर मग पट्टा ढिला, जाळीवर कोंडा, किंवा धान्यातच माती-चुरा जास्त. पंख्यानंतरच्या पाइपाला बारीक भोक पाडून यू आकाराची पारदर्शक नळी लावा आणि तिच्यात रंगीत पाणी भरा. दोन्ही बाजूंच्या पाण्यातला फरक म्हणजे दाब. पंखा नवा असताना, कोठी भरलेली असताना तो मोजून भिंतीवर लिहा. पुढे दाब वाढला तर धान्य गच्च झालं, कमी झाला तर कुठेतरी गळती किंवा पट्टा. वीस रुपयांची नळी आणि कुंकवाचं पाणी, एवढंच लागतं.

रिकाम्या कोठीवर ट्रायल घेतली तर मोटर ट्रिप झाली. खराब मोटर दिली का?

बहुधा नाही. पुढे वळलेल्या पात्यांच्या ब्लोअरला समोर अडथळा नसला की तो भरमसाट हवा ओढतो आणि मोटरवर भार वाढतो. पंख्याची हवेची झडप अर्धी बंद करून ट्रायल घ्या. मागे वळलेल्या पात्यांच्या पंख्याला ही खोड नसते, म्हणून तो थोडा महाग पडला तरी आम्ही सुचवतो.

जाळी काढली की हवा जास्त मिळते. काढून ठेवली तर?

ठेवू नका. बोट आत जाणार नाही अशी, १२ मिलिमीटरपेक्षा लहान भोकांची जाळी तोंडावर आणि पट्ट्यावर पूर्ण कव्हर, यात तडजोड नाही. गिरणीत लुंगी, गमछा, ओढणी सगळं वावरत असतं. हवा कमी पडत असेल तर जाळी साफ करा, किंवा मोठ्या आकाराची जाळी पुढे आणून लावा.

पाती साफ करायची आहेत, स्टार्टर बंद केला की पुरे ना?

पुरे नाही. तुम्ही मागे वाकलेले असता आणि दुसरा कोणीतरी हिरवं बटण दाबतो, अपघात असेच होतात. मेन स्विच पाडा, त्याला कुलूप लावा, किल्ली जो हात घालणार त्याच्या खिशात. जुने वायरमन किटकॅट फ्यूज काढून खिशात टाकत, तीच अक्कल. मग हिरवं बटण एकदा दाबून खात्री करा की काही फिरत नाही. ब्लोअर बंद केल्यावरही बराच वेळ फिरत राहतो आणि वाऱ्यानेही फिरतो, म्हणून पात्यांत लाकडी ठोकळा घालून मगच हात घाला.

टायमर किंवा आपोआप चालू होणारा कंट्रोलर असेल तर पंख्यावर मोठ्या अक्षरांत मराठी आणि हिंदीत लिहा: ‘हा पंखा कधीही सुरू होतो.’

धान्य वर अडकलंय, खाली येत नाही. पोराला दोरी बांधून आत उतरवू?

नाही. तो हलका आहे, त्याला सवय आहे, पाचच मिनिटांचं काम आहे, यातलं काहीही असलं तरी नाही.

खालून माल निघत असताना धान्य वाळूसारखं वाहतं. वर उभा असलेला माणूस चार-पाच सेकंदांत गुडघ्यापर्यंत जातो आणि त्याला पाय उचलता येत नाही. वीस-पंचवीस सेकंदांत तो पूर्ण गडप होऊ शकतो. कमरेपर्यंत रुतलेल्या माणसाला ओढून काढायला दीड-पावणेदोनशे किलोची ओढ लागते. तेवढं ओढलं तर हात निखळेल, माणूस निघणार नाही. ओलं धान्य वर पापुद्रा धरतं आणि खाली पोकळी राहते. दिसायला जमीन, पाऊल टाकलं की खड्डा. बाजूला उभी भिंत करून चिकटलेला माल असेल तर तो अंगावर कोसळतो.

लांब बांबूने, वरच्या झाकणाबाहेर उभं राहून टोचा. बाजूच्या दारातून फोडा. तेवढ्याने नाही झालं तर कोठीचा पत्रा उघडणारा माणूस बोलवा. उतरणं टळतच नसेल तर माल काढणं आणि पंखा दोन्ही कुलूपबंद, आतली हवा मीटरने तपासलेली, अंगात हार्नेस, दोरी वर पक्क्या जागी बांधलेली, आणि बाहेर एक माणूस फक्त बघायला. ही तयारी ज्यांच्याकडे असते ते लोक वेगळे. गिरणीतल्या पोराला ते काम सांगायचं नाही.

कोणी अडकलंच तर?

पहिलं, खालून माल काढणं थांबवा. दुसरं, पंखा चालू करा. गडबडीत लोक सगळंच बंद करतात, पण धान्यात रुतलेल्या माणसापर्यंत हवा पोचवायला याच वेळी पंखा कामी येतो. तिसरं, अग्निशमन दलाला १०१ आणि रुग्णवाहिकेला १०८. कोणीही मागोमाग उडी मारायची नाही. एकाचे दोन होतात.

धुळीने स्फोट होतो म्हणतात, खरंच?

खरंच. पीठ आणि धान्याची बारीक धूळ हवेत तरंगत असेल, जागा बंदिस्त असेल आणि ठिणगी मिळाली तर ती बंदुकीच्या दारूसारखी पेटते. खाली पडून राहिलेली धूळ निरुपद्रवी वाटते, पण पहिल्या छोट्या भडक्याने तीच उडते आणि दुसरा भडका मोठा होतो. त्यामुळे झाडताना फुंकणी-ब्लोअर वापरू नका, कुंचा आणि ओली फडकी बरी. कोठीजवळ वेल्डिंग-ग्राइंडिंग असेल तर आधी सफाई, पंखा बंद, मग काम. बेअरिंग दर महिन्याला हाताने तपासा, चटका बसला तर ग्रीस किंवा बदली. पाइपाचे लोखंडी तुकडे कापडी जोडाने तुटलेले असतात, त्यांना तांब्याच्या पट्टीने एकमेकांना आणि अर्थिंगला जोडा. बिडीबद्दल वेगळं सांगायला नको, पण सांगतो: बाहेर, रस्त्यावर.

गोळ्या टाकल्यावर पंख्याचं काय करायचं?

या गोळ्या म्हणजे अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइड. ओलाव्याशी संबंध आला की फॉस्फिन वायू सुटतो. ३ ग्रॅमची गोळी १ ग्रॅम वायू देते. हा वायू किड्यांना मारतो तसाच माणसालाही मारतो. आपल्या देशात या गोळ्या कोणालाही विकत घेऊन वापरायला परवानगी नाही, परवानाधारक कीडनियंत्रणवाल्याकडूनच काम करून घ्यायचं. बाजारात कोणी हातात ठेवल्या तरी घेऊ नका.

कोठी धुरीत असेल, म्हणजे आत गोळ्यांचा वायू कोंडलेला असेल, तोवर पंखा बंद, तोंडाला जाड प्लास्टिक आणि टेप. नाहीतर पंख्याच्या फटीतून वायू खाली गाळ्यात उतरतो. तो हवेपेक्षा किंचित जड असतो, आणि मुंबईत गाळ्यात काय असतं तर पोटमाळा, आणि त्याखाली झोपलेले दोन-तीन कामगार. धुरीच्या दिवसांत कोणीही तिथे झोपणार नाही ही जबाबदारी मालकाची. त्यांना गावी पाठवा, लॉजवर ठेवा, काहीही करा. भिंतीपलीकडच्या गाळेवाल्यालाही सांगा. वास आला तर कळेल यावर विसंबू नका. लसूण किंवा कार्बाइडसारखा वास कधी येतो, कधी येत नाही, आणि नाकाला तो लवकर सवयीचा होतो.

मुदत संपल्यावर कीडनियंत्रणवालाच प्लास्टिक काढेल आणि पंखा सुरू करेल. बाहेर पडणारा वायू शेजारच्या चाळीच्या खिडकीत जाणार नाही, छपराच्या वर जाईल, हे आधी बघा. वायू मीटरवर ०.३ पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ०.३ भाग) खाली आल्याशिवाय आत कोणी नाही. फॉस्फिन तांबं खातो, म्हणून दर धुरीनंतर स्टार्टरचे कॉन्टॅक्ट आणि मोटरची जोडणी तपासून घ्या. काळे पडलेले दिसतील.

रात्री चालवला की वरच्या मजल्यावरचे तक्रार करतात.

बरोबर करतात. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. पात्यांचा सरळ पंखा किंचाळतो, ब्लोअर त्या मानाने घुमतो. तोंडाला आवाज शोषणारी पेटी बसवता येते. तीही जमत नसेल तर सहाच्या ठोक्याला सुरू करा आणि ऊन चढेपर्यंत चालवा.

गावी लातूरकडे सोयाबीनची कोठी आहे. हेच नियम तिकडे लागू?

सुरक्षेचे सगळे. वेळेचे नाहीत. तिकडे नोव्हेंबरनंतर हवा इतकी कोरडी की उलटी काळजी: सोयाबीन १२ टक्क्यांच्या फार खाली गेलं तर दाणा फुटतो आणि वजनही जातं. तिकडे जरा कमीच चालवा. आणि विहिरीच्या मोटरला लावतात तो मोबाइल स्टार्टर कोठीच्या पंख्याला लावू नका. तुम्ही दादरला बसून मिस्ड कॉल द्याल आणि तिकडे काकांचा हात पट्ट्यात असेल.

घरच्या दोन क्विंटलच्या कोठीला छोटा पंखा?

नको. मेमध्ये गच्चीवर कडक ऊन द्या, पूर्ण गार होऊ द्या, घट्ट झाकण लावा. तेवढ्याने भागतं.

देखभालीचं वेळापत्रक द्याल का?

मे महिन्यात पाती काढून गंज आणि साचलेला कोंडा घासा. कोंडा एका बाजूला जमला की पंखा थरथरतो आणि बेअरिंग जातं. पट्टा, जाळी, अर्थिंगचे बोल्ट, आरसीसीबीचं टेस्ट बटण हे महिन्याला. जूनच्या पहिल्या आठवड्यात तोंडाला झाकण. उंदीर पाइपातून आत जातात, म्हणून झाकण पत्र्याचं, गोणपाटाचं नाही. ऑक्टोबरमध्ये झाकण काढल्यावर लगेच बटण दाबू नका, आधी हाताने पाती फिरवून बघा.

बाकी स्टार्टरशेजारी एक वही टांगा. तारीख, पंखा किती तास चालला, हवेची आर्द्रता, सळईला धान्य कसं लागलं. दुरुस्तीला येताना आम्ही मोटरच्या आधी ती वही मागतो. पेन दोरीने बांधून ठेवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी वही असते आणि पेन नसतं.